सीमेपलीकडचा टॉवर आणि रोमिंगचं बिल

उंबरठा

नमस्कार मंडळी,

शेजारच्या देशात गाडीने जायचं घाटतंय. मुक्काम सीमा ओलांडल्यावर तासाभराच्या अंतरावर. देशातल्या देशात याच्या दसपट प्रवास केला तरी फोनला पत्ता लागत नाही, आणि इथे कंपनीच्या साइटवर रोमिंगचे दर उघडले तर डोळे पांढरे व्हायची वेळ. पॅक घ्यावा तर एका दिवसातच महिन्याच्या प्लॅनचा मोठा लचका तुटतो, न घ्यावा तर दर एमबीचा हिशोब. सीमेवर उभं राहिलं की पलीकडचा टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेवढ्याशा अंतराचे एवढे पैसे कशाचे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जरा रागातून आलाय. मागे सीमेजवळच्या एका गावी राहिलो होतो. हद्द ओलांडलीच नव्हती. तरी पुढच्या बिलात परदेशी नेटवर्कची ओळ! कस्टमर केअरला फोन केला तर "सर, सिस्टीममध्ये रोमिंगच दिसतंय" ही एकच टेप. शेवटी नाद सोडला. हा प्रकार टाळायचा कसा?

बँकेचे ओटीपी येत राहायला हवेत, घरच्यांचे फोन लागायला हवेत, आणि नकाशा हवा. बाकी हौस नाही. जाणकारांनी लिहावं.

खटपट्या

एअरप्लेन मोड लावा, हॉटेलच्या वायफायवर बोला. विषय संपला.

उंबरठा

@खटपट्या, आणि ओटीपी काय कबूतर आणून देणार?

तारायंत्र

या धंद्यात बिलिंगच्या बाजूला बरीच वर्षं आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर ऐसपैस लिहितो. घाई असलेल्यांनी खाली सरकावं.

सिममध्ये आयएमएसआय नावाचा एक क्रमांक असतो, जास्तीत जास्त १५ आकडी. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. फ्रान्सचे २०८, जर्मनीचे २६२, कॅनडाचे ३०२, नेपाळचे ४२९. तुमचा फोन पलीकडच्या टॉवरखाली गेला की तिथली कंपनी हे आकडे वाचते आणि तुमच्या कंपनीला विचारते: हा गिऱ्हाईक तुमचाच ना, आणि याला काय काय द्यायचं? होकार आला की पडद्यावरचं नाव बदलतं आणि स्वागताचा एसएमएस येतो. इथपर्यंत तुमचा एक पैसाही लागत नाही.

मीटर सुरू होतं ते यापुढे. रोमिंगवर नेट वापरलंत तर तो डेटा बहुतेक वेळा तिथल्या तिथे इंटरनेटवर जात नाही. आधी तुमच्या घरच्या कंपनीच्या गेटवेपर्यंत, म्हणजे तिच्या इंटरनेटच्या दारापर्यंत, येतो आणि तिथून बाहेर पडतो. म्हणून तर परदेशात बसून एखादी वेबसाइट उघडली की तिला तुम्ही घरीच आहात असं वाटतं. तिकडची कंपनी प्रत्येक कॉलची आणि प्रत्येक डेटा सत्राची नोंद टॅप नावाच्या ठराविक साच्यातल्या फायलीत भरून तुमच्या कंपनीला धाडते. त्या फायलीतला दर दोन कंपन्यांनी आपसात ठरवलेला असतो. त्याचा अंतराशी काडीचा संबंध नाही. टॉवर २०० मीटरवर असो की २,००० किलोमीटरवर, करार एकच. या घाऊक दरावर तुमची कंपनी स्वतःचा नफा चढवते आणि तो तुमचा दर.

घाऊक दरच मुळात चढा का, हे खरं दुखणं. तिकडच्या कंपनीचे तुम्ही गिऱ्हाईक नाही. तुम्ही चिडलात तर तिचं काही बिघडत नाही. आणि इकडच्या कंपनीचा प्लॅन लोक निवडतात तो घरच्या दरांवरून, रोमिंगचा तक्ता सिम घेताना कोणी वाचतं का? स्पर्धा दोन्हीकडून गारठलेली. त्यात मोठ्या कंपन्या एकमेकींना भरघोस सवलत देतात, कारण इकडून जितके प्रवासी जातात साधारण तितके तिकडून येतात आणि बरीचशी रक्कम वजावटीत निघते. जिचे प्रवासी नुसतेच जातात आणि येत कोणी नाही, त्या कंपनीला सवलत मागताना नाकी नऊ येतात. शेजारचा देश लहान असेल तर हे हटकून बघायला मिळतं.

चौकसबाई

वा, छान लिहिलंय. पण मला कायम पडलेला प्रश्न: बाहेर असताना *आलेल्या* फोनचे पैसे मी का द्यायचे? फोन तर समोरच्याने केला.

तारायंत्र

@चौकसबाई, समोरच्याने तुमचा नेहमीचा नंबर फिरवला. तुम्ही सीमेपलीकडे आहात हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्याकडून आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे घेतले तर तो तुमच्या नावाने शिमगा करेल. म्हणून तो तुमच्या देशापर्यंतचे पैसे देतो आणि तिथून पुढचा टप्पा तुमच्या खात्यावर पडतो. एसएमएसचं तसं नाही. आलेला एसएमएस बहुतेक कंपन्या फुकटच ठेवतात, त्यामुळे धागाकर्त्याच्या ओटीपीची चिंता निम्मी मिटली. तरी आपल्या प्लॅनच्या अटींत ती ओळ बघून घ्याच.

निळी छत्री

येणाऱ्या कॉलवरून आठवलं, व्हॉइसमेलचा (न उचललेल्या कॉलवर निरोप रेकॉर्ड करून ठेवण्याची सोय) सापळा कोणी सांगितला नाही अजून. फोन चालू आहे, परदेशी नेटवर्कवर आहे, वाजला आणि तुम्ही उचलला नाही. तो कॉल आधी तुमच्यापर्यंत परदेशात आला, आणि न उचलल्यामुळे व्हॉइसमेलसाठी परत मायदेशी गेला. दोन आंतरराष्ट्रीय टप्पे. काही कंपन्या दोन्हींचे पैसे लावतात, आणि तुम्ही तर फोनला हातही लावलेला नसतो. फोन बंद असेल तर हे होत नाही, कारण घरचं नेटवर्क कॉल बाहेर पाठवतच नाही, परस्पर व्हॉइसमेलला वळवतं.

निघायच्या आधी *#६१# फिरवून बघा. न उचललेले कॉल कुठल्या नंबरला वळवलेत ते पडद्यावर दिसेल. तो नंबर कागदावर उतरवून घ्या आणि मग ##००२# फिरवा, सगळी वळवावळवी रद्द. हे कोड जीएसएमच्या, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातलेच आहेत, त्यामुळे बहुतेक कंपन्यांत चालतात. घरी असतानाच करा, म्हणजे काही अडलं तर कस्टमर केअरशी भांडायला तरी स्वस्त पडतं.

आणि आयफोनवाल्यांसाठी: आयमेसेज आणि फेसटाइम चालू होताना फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो. सिम बदललं किंवा ते बंद करून परत चालू केलं की पुन्हा पाठवतो. बिलात तुम्ही न पाठवलेला आंतरराष्ट्रीय एसएमएस दिसला तर बहुधा तोच.

सातासमुद्रा

आम्ही युरोपात राहतो. इकडे हा प्रश्न कायद्याने सोडवला, तोही एका फटक्यात नाही. २००७ साली युरोपियन युनियनने पहिली मर्यादा घातली: केलेल्या कॉलला मिनिटाला ४९ सेंट, आलेल्याला २४, वर कर. मग दर थोड्या वर्षांनी खाली आणत गेले. डेटाची मर्यादा २०१२ च्या जुलैत आली, तेव्हा एका एमबीला ७० सेंट. १५ जून २०१७ पासून घरच्याच दरात रोमिंग. तो नियम २०२२ मध्ये आणखी दहा वर्षांनी वाढवला. आता सदस्यदेशांत गाडी कितीही सीमा ओलांडो, फोनला फक्त स्वागताचे एसएमएस येत राहतात.

पण सगळा युरोप म्हणजे युनियन नव्हे, इथे भलेभले फसतात. नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन यांना नियम लागू आहे, मधोमध बसलेल्या स्वित्झर्लंडला नाही. फ्रान्समधून जिनिव्हा विमानतळावर नुसतं कोणाला सोडायला गेलं तरी फोन स्विस नेटवर्क पकडतो. ब्रिटन बाहेर पडल्यावर तिथल्या कंपन्यांवरची कायद्याची सक्ती गेली आणि त्यांतल्या काहींनी पुन्हा आकार लावायला सुरुवात केली.

आकडेमोड

एमबीला ७० सेंट म्हणजे जीबीला ७०० युरो. हसावं की रडावं. आता कंपन्यांनी एकमेकींना लावायचा कमाल दर २०२२ च्या नियमात जीबीला २ युरोपासून सुरू होऊन २०२७ पासून १ युरोवर येतो.

तारायंत्र

@आकडेमोड, ७०० ही गिऱ्हाइकाकडून घ्यायची मर्यादा होती, २ आणि १ या कंपन्यांमधल्या घाऊक. सरळ भागाकार करू नका. पण मुद्दा पोचला. मधल्या काळात रेडिओलहरी काही स्वस्त झाल्या नाहीत, करार बदलले.

पोटतिडीक

सगळे टाळ्या वाजवताय म्हणून विरुद्ध बाजू लिहितो. फुकट काही नसतं. रोमिंगचं उत्पन्न गेलं की कंपनी ते घरच्या प्लॅनमधून काढणार. म्हणजे जो वर्षभरात गावाबाहेर पडत नाही, त्याने दर महिन्याला सीमापार हिंडणाऱ्यांचा भार उचलायचा. हा न्याय कुठला? शिवाय किनाऱ्यावरचा एखादा छोटा देश घ्या. उन्हाळ्यात पर्यटकांचे लोंढे येतात, त्यांच्यासाठी टॉवर उभे करायचे तिथल्या कंपनीने आणि वर तिला दर बांधून द्यायचा.

सातासमुद्रा

@पोटतिडीक, ही ओरड इथेही झाली होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. म्हणून घाऊक दर शून्य केला नाही, ठेवला. आणि पर्यटक बनून कायमचं राहणाऱ्यांसाठी वेगळी अट आहे. एका देशातलं स्वस्त सिम घेऊन दुसऱ्या देशात तळ ठोकलात, तर कंपनी चार महिन्यांचा वापर बघते. मुक्काम आणि वापर दोन्ही परदेशातच जास्त निघाले तर आधी सूचना देते, खुलाशाला १४ दिवस, मग जादा आकार.

पोटतिडीक

म्हणजे सीमेपलीकडे रोज नोकरीला जाणाऱ्याचं मरण?

सातासमुद्रा

नाही. दिवसातून एकदा जरी घरच्या नेटवर्कवर फोन लागला तरी तो दिवस घरचा धरतात. रोज ये-जा करणारे त्यात बसतात.

कोपऱ्यातला

युरोपियन युनियनच्या पलीकडेही जग आहे हो. पश्चिम बाल्कनच्या सहा शेजाऱ्यांनी (अल्बानिया, बोस्निया, कोसोवो, माँटेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया) २०१९ मध्ये बेलग्रेडला करार केला आणि १ जुलै २०२१ पासून आपसातलं रोमिंग रद्द केलं. यांतल्या काहींचं एकमेकांशी राजकारणात किती पटतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी हे जमलं. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा, रवांडा यांनी २०१४ मध्ये 'वन नेटवर्क एरिया' आणला, आलेल्या कॉलवरचा आकार काढून टाकला. पोटतिडीकरावांचा मुद्दा पुस्तकात बरोबर असेल, पण सीमेवर भाजी विकणाऱ्या बाईला पलीकडच्या गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला परवडणं याचंही मोल धरा की.

पोटतिडीक

धरतो. पण ते मोल कोणाच्या खिशातून, एवढंच विचारतोय.

उंबरठा

मंडळी, चर्चा रंगलीय पण माझा दुसरा प्रश्न राहिला. हद्द न ओलांडता लागलेलं रोमिंग?

तारायंत्र

रेडिओलहरींना चेकपोस्ट दिसत नाही. मधे नदी, तलाव किंवा मोकळं मैदान असेल तर पलीकडचा टॉवर तुमच्या खोलीत घरच्यापेक्षा ठणठणीत येतो. पाण्यावरून लहरी फार लांब जातात. घरच्या टॉवरच्या आड टेकडी आली की फोन बिचारा सर्व्हिस नाही म्हणण्यापेक्षा मिळेल ते पकडतो, आणि एकदा पकडलं की लगेच सोडत नाही. पलीकडचा सिग्नल पुरेसा आहे तोवर तिथेच चिकटून राहतो, तुम्ही घरच्या टॉवरखाली परत आलात तरी काही वेळ. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेवर हे रोजचं रडगाणं आहे. एकच रस्ता पाच-सात मैलांत सीमा अनेकदा ओलांडतो.

उपाय साधा आहे. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, त्यात ऑपरेटरची निवड, तिथलं 'ऑटोमॅटिक' बंद करा. फोन मिनिटभर शोधेल, यादी दाखवेल, आपल्या कंपनीचं नाव निवडा. आता घरचा सिग्नल गेला तर फोन मुका राहील, पण शेजाऱ्याकडे जाणार नाही. सीमेपासून दूर आलात की परत ऑटोमॅटिक करायला विसरू नका.

नुसतं डेटा रोमिंग बंद ठेवलं तर डेटा थांबतो, कॉल थांबत नाहीत. तुमच्या बिलातली ती ओळ कशाची होती, कॉलची की डेटाची?

उंबरठा

डेटाची. आणि रोमिंगचं बटण चालू होतं, कारण त्याआधीच्या परदेशवारीपासून ते तसंच होतं.

आकडेमोड

मग भांडायला अजून वाव आहे. कंपनीकडून तपशीलवार बिल मागा, एकूण रकमेचं नको. प्रत्येक सत्राची वेळ आणि परदेशी नेटवर्कचं नाव त्यात असायला हवं. तुमच्याकडे हॉटेलचं बिल असेल, टोलच्या पावत्या असतील, पासपोर्टवर त्या तारखांना शिक्का नसेल. हे तीन कागद लावून लेखी तक्रार करा. फोनवर बोलणारा मुलगा काही करू शकत नाही, त्याच्यासमोर एकच पडदा असतो. वेळा जुळवताना एक बघा: नोंद तिकडच्या घड्याळाची असते. नेपाळ आणि भारत यांच्या घड्याळांत १५ मिनिटांचा फरक आहे, तेवढ्यावरून "तुम्ही त्या वेळी पलीकडेच होतात" असा घोळ सहज होतो.

खटपट्या

एवढं सगळं करण्यापेक्षा प्रवासाचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) घ्या ना राव. पैसे आधी भरायचे, संपलं की बंद. बिलाचा प्रश्नच नाही.

निळी छत्री

@खटपट्या, या वेळी सहमत :) फक्त बारकावे: फोन कंपनीने लॉक केलेला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम न घेणारा, नसावा. ई-सिम घरच्या वायफायवरच बसवून घ्या, बसवायला इंटरनेट लागतं आणि सीमेवर नेमकं तेच नसतं. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, म्हणून चुकून डिलीट करू नका. बहुतेकांना फोन नंबर नसतो, फक्त डेटा. व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का असं विचारेल, नाही म्हणा, जुन्याच नंबरवर चालू राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन सिम असले की डेटा रोमिंगचं बटण प्रत्येकाला वेगळं असतं. घरच्या सिमचं बंद, ई-सिमचं चालू. शिवाय 'मोबाइल डेटा आपोआप बदलू द्या' अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद करा. नाहीतर ई-सिमची रेंज पडली की फोन मोठ्या मायेने घरच्या सिमवरून डेटा घेऊ लागतो.

चौकसबाई

पण ई-सिमसुद्धा शेवटी तिकडच्याच टॉवरवर चालणार ना? मग ते स्वस्त आणि माझ्या कंपनीचं महाग, हे कसं?

तारायंत्र

टॉवर तोच, करार निराळा. ही ई-सिमं पुष्कळदा स्वतःच रोमिंगवर असतात, भलत्याच तिसऱ्या देशातल्या कंपनीच्या आकड्यांवर. ती कंपनी अनेक देशांत घाऊक डेटा घेते आणि प्रवाशांनाच विकते, म्हणून तिला रोमिंगच्याच दरावर स्पर्धा करावी लागते. तुमच्या कंपनीला ती करावी लागत नाही. तोटा एवढाच की काही वेबसाइट आणि बँकांच्या ॲपना तुम्ही त्या तिसऱ्या देशात आहात असं वाटून ती अडून बसतात. तेवढ्यापुरतं हॉटेलचं वायफाय.

दर्यावर्दी

सीमा पाण्यावरची असेल तर एक धोक्याची सूचना. फेरीबोटींवर जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, ते उपग्रहावरून चालतं. त्याचे देशाचे आकडे ९०१, म्हणजे कुठल्याच देशाचे नाहीत. किनारा मागे पडला की फोन ते आपणहून पकडतो. सातासमुद्रांनी सांगितलेली घरच्या दराची सवलत जमिनीवरच्या नेटवर्कपुरती आहे, बोटीवर लागू नाही. धक्का सुटला की एअरप्लेन मोड. इथे खटपट्यांचा पहिला प्रतिसाद शंभर टक्के बरोबर.

खटपट्या

कोणीतरी म्हणालं शेवटी.

आकडेमोड

पॅक घेणाऱ्यांसाठी: 'एक दिवस' कधी सुरू होतो ते बघा. काही कंपन्या पहिल्या वापरापासून २४ तास मोजतात, काही मायदेशातल्या मध्यरात्रीला दिवस बदलतात. दुसऱ्या प्रकारात रात्री उशिरा पोचलात तर तासाभराच्या वापराला अख्ख्या दिवसाचे पैसे. आणि फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला देताना लॅपटॉपवर ते कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायचं) करा. त्याला ते घरचं वायफाय वाटतं आणि तो साठलेले सगळे अपडेट एका बैठकीत ओढतो.

उंबरठा

सर्वांचे आभार. तर ठरलं असं: डेटाला ई-सिम, घरचं सिम फक्त ओटीपी आणि नडीच्या फोनसाठी, त्याचं डेटा रोमिंग बंद. घरच्यांना व्हॉट्सॲपवरच फोन करायला सांगितलंय. नकाशा आधीच उतरवून ठेवला, जीपीएसला डेटा लागत नाही हे मला दुसऱ्या धाग्यावर कळलं होतं. जुन्या बिलाचा तपशील आज ईमेलने मागितला.

एक शंका राहिली. *#६१# चा नंबर उतरवला आणि ##००२# केलं. परत आल्यावर व्हॉइसमेल चालू कसा करायचा?

निळी छत्री

**००४* पुढे तो उतरवलेला नंबर, मग # आणि कॉलचं बटण. न उचलला, बिझी आणि रेंजबाहेर, तिन्ही एकदम लागतील. नाहीच झालं तर कस्टमर केअरकडून तेवढं मात्र नक्की होतं.

चौकसबाई

वाचनखूण साठवली. जाता जाता, डोंगरात अजिबात रेंज नसते तिथे सॅटेलाइट फोन नेला तर त्यालाही हेच नियम का?

तारायंत्र

@चौकसबाई, नाही, आणि तो नेण्याआधी परवाना बघा. भारतासह काही देशांत परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं हाच गुन्हा आहे. नवीन धागा काढा, तिथे लिहितो.